सुईचा गुण आणि सुईचे सत्य

संत मार्काच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात एक निनावी स्त्री भेटते. बारा वर्षे तिला रक्तस्रावाचे दुखणे होते. ती अनेक वैद्यांकडे गेली, त्यांच्या उपचारांनी तिचे हालच झाले, गाठीला होते नव्हते ते सारे संपले आणि गुण येण्याऐवजी दुखणे वाढतच गेले. शुभवर्तमानकार हे दोन ओळींत सांगून मोकळे होतात. पण त्या दोन ओळींत किती उंबरठे, किती काढे, किती आशा आणि किती उसनवारी सामावली असेल, हे घरात दीर्घकाळचा आजारी असलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. विशेष हे की, ती इतकी दारे का फिरली म्हणून संत मार्क तिला एका शब्दानेही दोष देत नाहीत.

आमच्या अंबरनाथ पूर्वेच्या वस्तीत अशी दारे फिरणारी माणसे पुष्कळ आहेत. पहाटेची लोकल गाठून मुंबईपर्यंत उभ्याने जाणारा कारकून, औद्योगिक वसाहतीत यंत्रापाशी पाळीमागून पाळी उभा राहणारा कामगार, चार घरची धुणीभांडी करून जिने चढउतार करणारी माउली, या सर्वांची कंबर, मान आणि गुडघे ही नित्याची दुखणी होत. धर्मग्रामात नगर-जालन्याकडून आलेली कुटुंबे आहेत, वसईची आहेत, गोवा, मंगळूर, केरळ आणि तामिळनाडू येथून आलेलीही आहेत. भाषा निराळ्या, पण दुखणी एकसारखी. मोठ्या तपासण्यांचा खर्च परवडत नाही, वेदनाशामक गोळ्या फार दिवस घेतल्या की पोट बिघडते. मग शेजारपाजारचे कोणी सांगते, ‘एकदा सुया टोचून बघा, आमच्या काकांना गुण आला.’ ॲक्युपंक्चर हा शब्द अशा रीतीने आपल्या घरांत येऊन पोहोचला आहे.

त्यासंबंधी धर्मगुरूंपुढे दोन प्रकारचे प्रश्न येतात. कोणी वृद्ध भगिनी मिस्सानंतर थांबून हलक्या आवाजात विचारते, ‘फादर, मी गुडघ्यांसाठी सुया टोचून घेते. प्रार्थनासभेत एक ताई म्हणाल्या, हे चिनी देवाधर्माचे आहे, त्यातून वाईट शक्ती शिरते. मी पाप करते आहे का?’ आणि कोणी मध्यमवयीन गृहस्थ अगदी मोकळेपणाने विचारतो, ‘फादर, सुयांनी मधुमेह जातो म्हणतात. गोळ्या बंद केल्या तर चालेल ना?’ पहिलीला आपल्या आत्म्याची काळजी आहे, दुसऱ्याला शरीराची. वरवर पाहता हे दोन वेगळे प्रश्न दिसतात. थोडे खोल गेले की दोहोंच्या तळाशी एकच प्रश्न सापडतो: या सुयांमध्ये खरे किती? त्याचे उत्तर जमेल तितके नीट शोधल्याशिवाय पापपुण्याचा निवाडा करणे हे घाईचे होईल.

ही विद्या आली कोठून?

चीन देशात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी संकलित झालेल्या ‘हुआंगदी नेइजिंग’ या वैद्यकग्रंथात सुयांच्या उपचाराचे सविस्तर विवेचन आहे. मानवी देहात ‘ची’ नावाची जीवनशक्ती ठराविक वाहिन्यांतून फिरते, तिच्या प्रवाहात अडथळा आला की रोग होतो, आणि योग्य बिंदूवर सुई टोचली की तो अडथळा दूर होतो, अशी त्यामागील कल्पना. मुख्य वाहिन्या बारा आणि परंपरेने मान्य बिंदू ३६१ मानले जातात. युरोपात या उपचाराला ‘ॲक्युपंक्चर’ हे लॅटिन वळणाचे नाव मिळाले ते विलेम टेन र्‍हायने या डच वैद्याच्या १६८३ सालच्या ग्रंथामुळे. ‘आकुस’ म्हणजे सुई आणि ‘पुंक्तुरा’ म्हणजे टोचणे. नाव भारदस्त वाटले तरी अर्थ इतकाच.

आपल्या देशाशी या विद्येचा जो संबंध जुळला, त्यात महाराष्ट्राच्या एका सुपुत्राची छाया आहे. १९३८ साली जपानी आक्रमणाने होरपळलेल्या चीनच्या मदतीसाठी राष्ट्रीय सभेने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. डॉ. मदनमोहनलाल अटल हे त्याचे प्रमुख. नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. मुखर्जी व डॉ. विजयकुमार बसू, आणि सोलापूरचे अठ्ठावीस वर्षांचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे इतर चौघे. कोटणीस मुंबईच्या गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाचे पदवीधर होते. त्यांनी आघाडीवरील जखमींच्या सेवेत स्वतःला झोकून दिले, तेथील परिचारिकेशी विवाह केला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनच्याच भूमीत देह ठेवला. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली त्यांच्यावर चित्रपट काढला, म्हणून जुन्या पिढीला त्यांचे नाव पाठ आहे. कोटणीस सुया टोचीत नव्हते. ते आधुनिक शस्त्रवैद्य होते. पण त्यांचे सहकारी डॉ. बसू १९५८ साली पुन्हा चीनला गेले, तेथे ही विद्या शिकले आणि कलकत्त्यास परतून त्यांनी तिचा उपयोग सुरू केला. भारतातील अनेक ॲक्युपंक्चर केंद्रांना आजही कोटणीसांचे नाव दिलेले आढळते, त्याचे मूळ या मैत्रीत आहे.

पुढे पश्चिम बंगालने १९९६ साली या चिकित्सेसाठी कायदा केला. महाराष्ट्राने २०१५ चा ॲक्युपंक्चर चिकित्सा पद्धती अधिनियम करून उपचारकांच्या नोंदणीसाठी परिषदेची तरतूद केली. २०१९ साली केंद्र सरकारनेही तिला स्वतंत्र चिकित्सा म्हणून मान्यता दिली. तेव्हा ही विद्या आज चोरटी किंवा बेकायदा राहिलेली नाही. मात्र कायद्याची मान्यता म्हणजे उपचारकाच्या प्रत्येक दाव्याची सिद्धता नव्हे. वाहनचालकाला परवाना मिळाला म्हणून तो सांगेल तो रस्ता बरोबरच असतो, असे आपण म्हणत नाही.

सुई नेमके काय करते?

शवविच्छेदन करणाऱ्यांना देहात धमन्या सापडल्या, मज्जातंतू सापडले. ‘ची’च्या वाहिन्या मात्र कोणाच्या हाती लागल्या नाहीत. म्हणून ही सारी कल्पनाच, असे म्हणून हात झटकून टाकावेत काय? तसेही करता येत नाही, कारण सुई त्वचेत व स्नायूत शिरते आणि तेथे मज्जातंतूंची टोके असतात. त्यांना चेतना मिळाली की संदेश मज्जारज्जूकडे व मेंदूकडे जातो. १९६५ साली मेलझॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी असे मांडले की, मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांसाठी जणू एक फाटक आहे आणि दुसऱ्या प्रकारच्या संवेदना ते फाटक काही अंशी लोटू शकतात. ठेच लागल्यावर आपण बोट चोळतो, ते याच कारणाने. १९७६-७७ च्या सुमारास प्राण्यांवर व माणसांवर झालेल्या प्रयोगांत असे दिसले की, अफूच्या गुणाची वेदनाशामक द्रव्ये देह स्वतःच निर्माण करतो, त्यांना रोधणारे औषध दिले असता सुयांनी आलेला आराम घटतो. म्हणजे आरामाचा काही भाग तरी या अंतर्गत द्रव्यांमुळे असावा. २०१० साली उंदरांवर झालेल्या अभ्यासात सुईच्या जागी ॲडिनोसीन नावाचे वेदना शमवणारे द्रव्य वाढलेले आढळले. तेव्हा सुई देहात काहीच करीत नाही, हे विधान टिकत नाही.

परंतु काही करणे निराळे आणि रोग बरा करणे निराळे. त्यासाठी माणसांवर तौलनिक चाचण्या घ्याव्या लागतात. २००७ साली जर्मनीत प्रसिद्ध झालेली एक चाचणी येथे फार बोलकी आहे. दीर्घकाळच्या कंबरदुखीचे १,१६२ रुग्ण तीन गटांत विभागले गेले. पहिल्या गटाला शास्त्रोक्त बिंदूंवर सुया टोचल्या. दुसऱ्या गटाला भलत्याच ठिकाणी, वरवर टोचल्या. हे ढोंगी ॲक्युपंक्चर. तिसऱ्या गटाला औषधे, व्यायाम वगैरे नेहमीचे उपचार दिले. सहा महिन्यांनी पहिल्या गटात शेकडा ४७.६, दुसऱ्यात ४४.२ आणि तिसऱ्यात २७.४ रुग्णांना लक्षणीय आराम पडलेला दिसला.

हे आकडे सावकाश वाचावेत. खऱ्या बिंदूंवर टोचणे आणि भलतीकडे टोचणे यांत नाममात्र अंतर आहे. पण दोन्ही प्रकारच्या टोचण्यात आणि नेहमीच्या उपचारात मात्र मोठे अंतर आहे. २०१२ साली एकोणतीस चाचण्यांतील १७,९२२ रुग्णांची माहिती एकत्र करून तपासली गेली, तेव्हा खरी सुई ढोंगी सुईपेक्षा सरस ठरली, पण थोडीच. शंभरपैकी साठ इतकी वेदना असलेला रुग्ण सुयांविना त्रेचाळीसवर, ढोंगी सुयांनी पस्तीसवर आणि खऱ्या सुयांनी तीसवर येतो, असे ते गणित मांडता येते. १९९७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञांनी शस्त्रक्रियेनंतरची व कर्करोगाच्या औषधांनी येणारी मळमळ आणि दाताच्या शस्त्रक्रियेनंतरचे दुखणे यांवर सुयांचा उपयोग मान्य केला. ब्रिटनच्या आरोग्य-मार्गदर्शक संस्थेने २००९ मध्ये कंबरदुखीसाठी सुयांची शिफारस केली, २०१६ मध्ये ती मागे घेतली, आणि २०२१ मध्ये कारण न सापडणाऱ्या दीर्घ वेदनेसाठी तिचा विचार करावा असे सांगितले. जाणकारांचे मत असे हेलकावे घेते, याचा अर्थ सुयांचा गुण आहे, पण तो माफक आहे. आणि तो वेदना व मळमळ यांच्या प्रांतातला आहे. मधुमेह, क्षय, कर्करोग, मूत्रपिंडाचा विकार यांना सुया बऱ्या करतात, याला आधार नाही.

धोका आहे काय?

शिकलेल्या हातांनी, निर्जंतुक सुयांनी केलेला हा उपचार बराचसा सुरक्षित आहे. जर्मनीतच २,२९,२३० रुग्णांची नोंद ठेवून २००९ साली जो अहवाल निघाला, त्यात शेकडा ८.६ जणांना काही ना काही त्रास झाला. बहुतेकांचा त्रास म्हणजे सुईच्या जागी थोडे रक्त येणे, काळेनिळे होणे किंवा दुखणे एवढाच. शेकडा २.२ जणांना त्या त्रासासाठी उपचार घ्यावे लागले. दोघांच्या मात्र फुप्फुसाच्या आवरणात हवा शिरली. छातीवर व पाठीच्या वरच्या भागात सुई खोल गेली तर असे होऊ शकते आणि ते जिवावर बेतू शकते. सुया नीट निर्जंतुक न करता पुन्हा वापरणे हा दुसरा मोठा धोका. १९८४ साली अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात एकाच उपचारकाकडून पस्तीस रुग्णांना ‘ब’ प्रकारची कावीळ झाली होती.

म्हणून साध्या गोष्टी सांभाळाव्यात. उपचारकाची नोंदणी आहे की नाही, हे विचारण्यात संकोच नको. प्रत्येक वेळी नव्या, एकदाच वापरायच्या सुयांचे पाकीट आपल्यासमोर फोडावयास सांगावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, रक्त न गोठण्याचा विकार असेल, गरोदरपण असेल तर ते आधी सांगावे. हृदयाला पेसमेकर असेल तर विजेचा प्रवाह सोडलेल्या सुया टाळाव्यात.

पण सर्वांत मोठा धोका सुईच्या टोकात नाही. तो वेळेत आहे. कंबर दुखते, त्याबरोबर संध्याकाळचा बारीक ताप येतो, वजन घटते; हा मणक्याचा क्षय असू शकतो. त्याचे औषध सरकारी रुग्णालयांत विनामूल्य मिळते. अशा माणसाने आशेवर सुयांचे महिने काढले तर मणका खचतो, पाय लुळे पडतात. छातीतील कळ स्नायूची म्हणून टोचत बसले तर हृदय वाट पाहत नाही. सुईने केलेली इजा क्वचित घडते, सुईपायी झालेला उशीर अधिक घात करतो. मधुमेहासारखे रोग बरे करण्याची जाहिरात करणे हे १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमान्वये आपल्या देशात गुन्हा आहे. ‘गोळ्या बंद करा, सुया घ्या’ असे जो सांगतो, त्याच्या भिंतीवर येशूचे चित्र असो वा अन्य कोणाचे, त्याच्या दारातून परत फिरावे.

हे ख्रिस्ती माणसाला चालते काय?

आता त्या वृद्ध भगिनीच्या प्रश्नाकडे वळू. एखाद्या उपचारात तीन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात: साधन, त्याचे स्पष्टीकरण आणि उपासना. सुई हे साधन. ‘ची’ हे स्पष्टीकरण. आणि उपचाराच्या वेळी कोणा शक्तीला शरण जाण्यास, मंत्र म्हणण्यास, दीक्षा घेण्यास सांगितले जात असेल तर ती उपासना. साधन हे सृष्टीतले आहे, त्याला धर्म नाही. स्पष्टीकरण खरे असेल वा खोटे, पण चुकीचे स्पष्टीकरण ऐकणे हे पाप नव्हे. एके काळी युरोपातील ख्रिस्ती वैद्यही देहातील चार रसांच्या सिद्धांतावर रक्त काढीत होते. तो सिद्धांत चुकला, श्रद्धा नव्हे. उपासना मात्र एकट्या परमेश्वराची. तेथे तडजोड नाही.

चर्चची शिकवणही हाच विवेक सांगते. १९९२ सालच्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाने जीवन व आरोग्य यांना देवाची मोलाची देणगी म्हटले आहे आणि पारंपरिक उपचारांच्या नावाखाली दुष्ट शक्तींना आवाहन करणे वा दुसऱ्याच्या भोळेपणाचा फायदा घेणे निषिद्ध ठरवले आहे. म्हणजे पारंपरिक उपचार निषिद्ध नाहीत, आवाहन आणि फसवणूक निषिद्ध आहे. २००३ साली व्हॅटिकनने ‘न्यू एज’ विचारसरणीवर जे चिंतन प्रसिद्ध केले, त्यात त्या विचारसरणीच्या जाहिरातींत आढळणाऱ्या पद्धतींच्या यादीत ॲक्युपंक्चरचे नाव आहे. काही जण त्यावरच बोट ठेवतात. पण यादीत नाव येणे हा निषेध नव्हे, तेथे मालिशही आहे. त्या लेखाचा इशारा असा की, देहाच्या उपचारातून हळूहळू ‘तूच देव आहेस, तुझी मुक्ती तुझ्याच ऊर्जेत आहे’ अशा शिकवणीकडे नेले जात असेल तर सावध व्हा. २००९ साली अमेरिकेच्या बिशपांनी रेकीसंबंधी अधिक स्पष्ट नकार दिला, कारण तेथे ना विज्ञानाचा आधार आहे, ना ख्रिस्ती श्रद्धेचा. सुयांचे तसे नाही. त्यांच्यामागे मज्जातंतू आहेत, चाचण्या आहेत. मात्र एकाच खोलीत सुया आणि रेकी दोन्ही मिळत असतील, तर सुया घेऊन उठावे व दुसऱ्यास नम्र नकार द्यावा.

‘पण ते परक्यांचे आहे,’ असे कोणी म्हणेल. अरामाचा सेनापती नामान याचेही असेच झाले होते. अलीशा संदेष्ट्याने त्याला यार्देन नदीत सात वेळा स्नान करावयास सांगितले, तेव्हा आमच्या दमास्कसच्या नद्या काय वाईट, म्हणून तो रागावून निघाला. चाकरांनी समजावले म्हणून तो परतला आणि शुद्ध झाला. परके म्हणून नाकारणे हा श्रद्धेचा गुण नाही, बहुधा तो अभिमानाचा असतो. सत्य कोणाच्याही मुखातून आले तरी त्याचा उगम पवित्र आत्म्यात आहे, ही संत थॉमस अक्विनास यांनी उचलून धरलेली शिकवण आम्हांला सेमिनरीत शिकवली गेली. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये अन्य धर्मांतील सत्य व पवित्र ते चर्च नाकारीत नाही असे जाहीर केले. आपल्या मराठी ख्रिस्ती समाजाला तर हे नवे वाटू नये. १६१६ साली रायतूरला छापलेल्या ख्रिस्तपुराणात फादर थॉमस स्टीफन्स यांनी स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द निःशंकपणे योजला. शब्द परका होता. त्यांनी तो शुभवर्तमानाच्या पाण्यात धुऊन घेतला.

काही ज्येष्ठ मंडळी उलट बाजूने हरकत घेतात. दुखणे हा क्रूस आहे, तो वाहावा, सुया कशाला? परमगुरुस्वामी बारावे पायस यांनी १९५७ साली भूलतज्ज्ञांपुढे याचे उत्तर दिले: वेदना शमवणे उचित आहे, ख्रिस्ती माणसावर दुःख सोसत बसण्याची सक्ती नाही. परमगुरुस्वामी दुसरे जॉन पॉल यांनी १९८४ च्या पत्रात दुःखाला ख्रिस्ताच्या दुःखाशी जोडले, पण त्याच पत्रात भल्या शमरोन्याचा आदर्शही ठेवला. त्या शमरोन्याने जखमी माणसाला ‘सहन कर’ असे सांगितले नाही. त्याने तेल व द्राक्षारस ओतून पट्टी बांधली. उपाय करूनही जी वेदना उरते, ती क्रूसाशी जोडावी. उपाय हाताशी असून जी ठेवली, ती नव्हे.

गुण आला, मग सत्याची उठाठेव कशाला?

येथवर मान्य करणारा वाचकही एक प्रश्न विचारील, आणि तो सर्वांत कठीण आहे. ढोंगी सुईनेही जवळजवळ तितकाच आराम पडतो ना? मग दुखणाऱ्याला आराम मिळाला, एवढे पुरे. तो बिंदूमुळे, विश्वासामुळे की उपचारकाच्या गोड बोलण्यामुळे, ही चिकित्सा हवी कशाला?

दुखणाऱ्याच्या बाजूने हे बरोबर आहे. रात्री झोप लागली, जिना चढता आला, हे त्याच्यासाठी खरे सुख आहे. ते खोटे आहे असे सांगण्याचा कोणाला अधिकार नाही. पण उपचार करणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याने आशा द्यावी, धीर द्यावा, मात्र जे ठाऊक नाही ते ठाऊक आहे म्हणून विकू नये. कारण असत्य एका जागी थांबत नाही. ‘तुमच्या गुडघ्यातील ऊर्जा अडली आहे’ हे वाक्य ज्याने आज विश्वासाने घेतले, त्याला उद्या ‘तुमच्या स्वादुपिंडातील ऊर्जा अडली आहे’ हेही पटवता येते. पहिल्या वाक्याने फारसे बिघडले नाही, दुसऱ्याने इन्सुलिन बंद पडते. श्रीमंताला चूक झाल्यावर मोठे रुग्णालय गाठता येते. गरिबाला तितका अवकाश नसतो. म्हणून सत्य हे विद्वानांच्या चैनीची वस्तू नसून गरिबांचे कुंपण आहे.

या बाबतीत चर्चने स्वतःच्या घरातही सूट घेतलेली नाही. लुर्ड्स येथे १८८३ पासून वैद्यकीय कार्यालय आहे. आजवर सात हजारांहून अधिक बरे झाल्याचे दावे तेथे नोंदले गेले आणि चर्चने चमत्कार म्हणून मान्य केले ते सत्तरच्या थोडे वर. जेथे कोट्यवधी भाविक गुडघे टेकतात, तेथे चर्च डॉक्टरांना बसवून कागद तपासते. मरियामातेच्या कृपेची ज्यांनी इतकी छाननी केली, त्यांच्या लेकरांनी सुयांवर डोळे मिटून विसंबावे, हे शोभत नाही.

परंतु त्या जर्मन आकड्यांत आपल्याला शिकवण्यासारखे आणखी काही आहे. ढोंगी सुईला शेकडा ४४, नेहमीच्या उपचाराला २७. हे अंतर कोठून आले? सुयांच्या उपचारात रुग्ण अर्धा तास शांत पडून राहतो. कोणी त्याला झोप, भूक, घरची काळजी विचारते. त्याच्या दुखऱ्या जागेला हात लावते, पुन्हा येण्याचा दिवस सांगते. गर्दीच्या दवाखान्यात हे मिळत नाही; तेथील डॉक्टरही दमलेला असतो, त्याच्या दारापुढची रांग संपत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे त्या अंतराचा बराच भाग या लक्ष देण्याचा आहे. आणि तसे असेल तर प्रश्न केवळ डॉक्टरांना नाही, आपल्याला आहे. ज्या माणसाला अर्धा तास ऐकून घेणारे कोणी घरात नाही, प्रार्थनामंडळात नाही, धर्मगुरूच्या कचेरीतही नाही, तो ते ऐकणे पैसे मोजून विकत घेतो. त्याला भोळा म्हणण्यापूर्वी आपण आपले घड्याळ पाहावे.

प्रभू येशूने त्या रक्तस्रावी स्त्रीच्या बाबतीत काय केले ते आठवावे. वस्त्राला स्पर्श होताच ती बरी झाली होती. याइराची मुलगी मरणपंथाला लागलेली, लोकांची रेटारेटी चालू आणि शिष्य उतावीळ झालेले. तरी प्रभू थांबला. मला कोणी स्पर्श केला, असे त्याने विचारले, आणि ती कापत पुढे येऊन सारे सत्य सांगेपर्यंत तो हलला नाही. देहाचा गुण त्याला पुरेसा वाटला नाही. बारा वर्षांत तिचे कोणी ऐकले नव्हते ते त्याने ऐकले, आणि गर्दीत लपून घेतलेली कृपा उजेडात आणली. त्या एका प्रसंगात आराम, ऐकणे आणि सत्य या तिन्ही गोष्टी एकत्र आहेत. आपण मात्र त्यांची ताटातूट करतो. एक जण आराम विकतो, दुसरा सत्य सांगून निघून जातो, आणि ऐकणारा कोणी उरत नाही.

म्हणून, वाचकहो, ज्यांना सुयांनी आराम पडतो त्यांनी तो निर्धास्तपणे, देवाचे आभार मानून घ्यावा. त्यांच्या माथी पाप मारू नये. त्याआधी डॉक्टरांकडून दुखण्याचे निदान करून घ्यावे आणि चालू औषधे त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत. जे सुया टोचतात त्यांनी आपल्या विद्येची मर्यादा रुग्णाला आपण होऊन सांगावी. आणि आपण बाकीच्यांनी आठवड्यातून एकदा तरी आपल्या इमारतीतील, आपल्या गल्लीतील एखाद्या दुखणेकऱ्याच्या उशाशी अर्धा तास बसावे. ११ फेब्रुवारी हा जागतिक आजाऱ्यांचा दिवस आपण दरवर्षी पाळतो, तैलाभ्यंगाचा विधी होतो, फुले वाटली जातात. त्या फुलांना उरलेल्या दिवसांत पाणी घालणे आपल्या हाती आहे. त्यासाठी ना नोंदणी लागते, ना सुई.